दुर्बिणीतून पाणथरी काढण्याची शस्त्रक्रिया: आधी काय विचारावं, नंतर काय सांभाळावं

अनघा_सातारा

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीची पाणथरी (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) दुर्बिणीतून काढली. ऑपरेशन ठरलं तेव्हा मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून खूप शोधलं. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया यांवर ढीगभर लेख सापडले, पाणथरीवर जवळपास काहीच नाही. म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांच्या घरात हा प्रश्न उभा आहे त्यांनी निःसंकोच विचारा. इथल्या डॉक्टर मंडळींनी भर घालावी ही विनंती.

बहिणीला आयटीपी आहे. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या प्लेटलेट्सना परकं समजते, त्यांच्यावर प्रतिपिंडं चिकटतात आणि अशा खूण झालेल्या प्लेटलेट्स पाणथरी गिळून टाकते. सुरुवात पावसाळ्यात झाली, त्यामुळे आधी सगळे डेंग्यूच धरून बसले होते. पण ताप कधी आलाच नव्हता. नडग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, बोटाने दाबले तरी न जाणारे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं आणि पाळी थांबता थांबेना. सीबीसीत प्लेटलेट्स आल्या ९ हजार. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात.

स्टिरॉइड सुरू झालं की प्लेटलेट्स वर, डोस उतरवला की पुन्हा खाली. चेहरा सुजला, साखर वाढली, झोप उडाली. रिटुक्सिमॅब या औषधाचा गुण टिकला नाही. एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या काही महिने छान लागू पडल्या, मग यकृताची एन्झाइम्स वाढायला लागली आणि त्या बंद कराव्या लागल्या. आजाराला वर्ष उलटून गेल्यावर रक्तविकारतज्ज्ञांनी पाणथरी काढण्याचा विषय काढला.

तारीख ठरवण्याच्याही आधी त्यांनी एक चिठ्ठी हातात दिली. तिच्यावर औषध एकही नव्हतं, सगळ्या लसी होत्या: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तीन जंतूंवरच्या, आणि फ्लूची. पाणथरी रक्तातले काही ठराविक जंतू गाळून मारते. ज्यांच्याभोवती साखरेचं कवच असतं अशा जंतूंना मारण्यात तिचा वाटा फार मोठा. ती गेली की हे काम दुसरं कोणी तितकं चोख करत नाही. म्हणून शरीर तयारीत असावं यासाठी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी लसी पूर्ण व्हायला हव्यात. आमच्या घरात आजीपासून मामांपर्यंत सगळ्यांना ऑपरेशनची धास्ती होती, लसींबद्दल कोणीच विचारलं नाही. मला वाटतं बहुतेक घरांत हेच होत असेल.

ऑपरेशनच्या आधी आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) देऊन प्लेटलेट्स ५० हजारांच्या आसपास आणल्या. भावाने एसडीपी (एकाच दात्याकडून यंत्राने वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स) दिलं होतं, ती पिशवी रक्तपेढीत तयार होती. बाबांचं म्हणणं, ती आधीच चढवून टाका म्हणजे रक्तस्राव होणार नाही. सर्जन म्हणाले, आधी चढवल्या तर पाणथरी त्याही खाऊन टाकेल. तिची रक्तवाहिनी बंद केली की मग गरज पडली तर देऊ. गरज पडली नाही.

ऑपरेशननंतर थिएटरच्या दाराशी आम्हाला बोलावून त्यांनी ट्रे दाखवला. मला वाटलं होतं अख्खा अवयव दिसेल. प्रत्यक्षात एका जाड पारदर्शक पिशवीत काळपट जांभळे, मऊ, ओले तुकडे होते. एवढ्याशा छेदातून अख्खी पाणथरी निघत नाही, म्हणून ती पोटातच पिशवीत भरतात, पिशवीचं तोंड छेदातून बाहेर ओढतात आणि आतल्या आत तुकडे करून काढतात. पिशवी फाटू द्यायची नसते. पाणथरीचा कण जरी पोटात सांडला तरी तो तिथे रुजून वाढू शकतो आणि आयटीपीत ते परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती चालायला लागली. पोटापेक्षा डावा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे छाती आणि पोट यांमधला पडदा चुरचुरतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, असं सिस्टरांनी सांगितलं. श्वासाने तीन गोळे वर उचलायचं स्पायरोमीटर तासातासाला ओढायला लावायचे, कारण पाणथरी डाव्या फुप्फुसाच्या अगदी खाली असते आणि दुखतं म्हणून माणूस श्वास अर्धवट घेतो. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. प्लेटलेट्स दुसऱ्या दिवशी सकाळीच लाखाच्या वर होत्या, टाके दाखवायला गेलो तेव्हा सहा लाख. तेव्हा पुन्हा धसका बसला. पण त्या तशा चढतात आणि मग हळूहळू उतरतात, हे आधीच सांगितलेलं होतं म्हणून निभावलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. बहिणीच्या पोटावर चार बारीक व्रण आहेत, नीट पाहिलं तरच दिसतात. त्यामुळे घरातले, शेजारचे, ऑफिसातले सगळेच ते ऑपरेशन विसरून गेले. पण आतला अवयव कायमचा गेला आहे. तिला यापुढे थंडी वाजून ताप आला तर ‘सकाळी बघू’ चालणार नाही. त्याच तासात दवाखाना. व्रण लहान म्हणून काळजी लहान समजू नका, एवढंच कळकळीने सांगायचं आहे.

---

मिलिंद_डोंबिवली

अनघाताई, फार उपयोगी लिहिलंत. आमच्या वहिनींना हेच सुचवलं आहे. सरकारी योजनेत बसतं का? आणि दुर्बिणीतून करायचं म्हणून खर्च वाढतो का?

---

अनघा_सातारा

मिलिंद, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनीसाला) भेटा. रेशनकार्ड, आधार आणि रक्तविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन जा. नेमका आजार आणि नेमकी शस्त्रक्रिया सांगून मंजुरीचं विचारून घ्या. खाजगीत करणार असाल तर रक्तवाहिनी बंद करायच्या स्टेपलरची काडतुसं पॅकेजमध्ये धरली आहेत की वेगळी, हे लेखी विचारा. आमच्या बिलात त्यांचाच आकडा डोळ्यांत भरण्याजोगा होता. आणि लसींचा खर्च वेगळा धरून ठेवा. तो टाळण्याजोगा नाही.

---

लॅप_सर्जन

अनघाताई, उत्तम लेखन. मी ही शस्त्रक्रिया करतो, म्हणून थिएटरच्या दाराच्या आत काय होतं ते थोडं सविस्तर लिहितो.

आधी थोडा इतिहास, कारण मला तो मनापासून आवडतो. आयटीपीत पाणथरी काढावी ही कल्पना कोणा नामवंत प्राध्यापकाची नव्हती. १९१६ मध्ये प्रागमधल्या पॉल काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सुचवलं की प्लेटलेट्स पाणथरीत मारल्या जात असाव्यात, आणि श्लोफर या सर्जनना एका बाईंची पाणथरी काढायला राजी केलं. त्यांच्या प्लेटलेट्स वाढल्या. प्लेटलेट्स घटवणारं काहीतरी रक्तातच असतं हे पुढे विल्यम हॅरिंग्टन यांनी अमेरिकेत सेंट लुईसला सिद्ध केलं. त्यांनी आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, आणि काही तासांत त्यांच्या स्वतःच्या प्लेटलेट्स कोसळल्या. तो प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी गोष्ट १९५२ ची. किंग आणि शूमाकर यांनी पाणथरी काढलेल्या तान्ह्या बाळांमधला भयंकर जंतुसंसर्ग नोंदवला. अनघाताई ज्या तापाबद्दल लिहितात त्याची नोंद तेव्हापासूनची आहे.

दुर्बिणीतून पाणथरी काढल्याचं पहिलं वृत्त १९९१ मध्ये पॅरिसहून आलं, डेलेत्र आणि मेन्यां यांचं. आपल्याकडे त्याच्या एक वर्ष आधी, १९९० मध्ये, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं आणि भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला होता. त्यामुळे पाणथरीचं तंत्र इथे रुजायला जमीन तयार होती.

आता प्रत्यक्ष. रुग्णाला उजव्या कुशीवर झोपवतो. असं केलं की जठर आणि आतडी स्वतःच्या वजनाने खाली सरकतात आणि पाणथरी पडद्याला व बरगड्यांच्या बाजूला टांगलेली राहते. तीन किंवा चार भोकं, ५ ते १२ मिलिमीटरची. कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवायचं. दुर्बीण आत गेली की मी पाणथरीला हात लावण्याआधी जादा पाणथरी शोधतो. दहा टक्क्यांहून जास्त लोकांत वाटाण्याएवढी एखादी छोटी जादा पाणथरी असते, बहुतेक वेळा मुख्य पाणथरीच्या देठाजवळ किंवा स्वादुपिंडाच्या शेपटाशी. ती राहिली तर पुढे वाढून आयटीपी परत आणू शकते. आणि ती सुरुवातीलाच शोधायची, कारण नंतर थोडं जरी रक्त पसरलं तर दिसत नाही.

मग खालून मोठ्या आतड्याशी असलेला बंध सोडवायचा, जठराकडून येणाऱ्या छोट्या रक्तवाहिन्या एनर्जी डिव्हाइसने (उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणाऱ्या अवजाराने) बंद करत वर जायचं, मागचा मूत्रपिंडाकडचा बंध मोकळा करायचा. शेवटी देठ उरतो, त्यात मुख्य धमनी आणि शीर. त्यावर स्टेपलर लावून एका दाबात दोन्हीकडे पिना आणि मधे काप. इथे सगळ्यात जपायचं ते स्वादुपिंडाचं शेपूट. ते देठाच्या इतकं जवळ असतं की कधी कधी पाणथरीला टेकलेलंच असतं. ते स्टेपलरमध्ये सापडलं तर पाचकरस पोटात झिरपतो आणि रुग्णाचे पुढचे कित्येक दिवस त्रासाचे जातात.

पाणथरी हाताळायला फार नाजूक. पिकलेल्या जांभळासारखी, जरा जोरात दाब पडला की साल फाटलीच. म्हणून अवजाराने तिला कधी धरायचं नाही, दांड्याने हलकेच उचलायचं. रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर पोट उघडतो, आणि ते सगळ्यांना आधीच सांगून संमती घेतलेली असते. उघडावं लागलं म्हणजे सर्जन कमी पडला असं नातेवाइकांनी समजू नये. वेळेत उघडणं हा चांगला निर्णय असतो.

कोणाला दुर्बीण योग्य नाही? साधारण पाणथरी ११ सेंटिमीटरपर्यंत असते. २० च्या पुढे गेली की ती फिरवायला जागाच उरत नाही. तेव्हा एक हात आत घालता येईल एवढा छेद देऊन त्या हाताच्या मदतीने दुर्बिणीतून करतो, किंवा सरळ उघडी शस्त्रक्रिया. कधी आधी रेडिओलॉजिस्टकडून धमनी बंद करून घेतो. आयटीपीत पाणथरी बहुधा नेहमीच्याच आकाराची असते, म्हणूनच हा आजार दुर्बिणीला सर्वांत सोयीचा.

एक भर. बहिणीला रिटुक्सिमॅब दिलं होतं असं तुम्ही लिहिलंय. त्या औषधानंतर साधारण सहा महिने लसींना शरीर नीट प्रतिसाद देत नाही. त्यामुळे पुढेमागे पाणथरी काढायची शक्यता असेल तर लसी रिटुक्सिमॅबच्या आधीच उरकाव्यात. हे फार वेळा राहून जातं.

---

निखिल_ठाणे

डॉक्टर, माफ करा, पण माझं मत वेगळं आहे. मलाही आयटीपी आहे. मी एल्ट्रोम्बोपॅगवर कित्येक महिने ४० ते ६० हजारांवर आहे आणि व्यवस्थित जगतोय. क्रिकेट बंद केलं, बाकी सगळं चालू. एक चांगला अवयव काढून टाकायचा, आयुष्यभर तापाची भीती बाळगायची, आणि तरी गुण येईलच याची खात्री नाही. मग हे करायचं कशाला? मला सर्जनकडे पाठवलं होतं, मी नाही म्हणून आलो.

---

लॅप_सर्जन

निखिल, यात माफी कसली? तुमच्या जागी मी असतो तर बहुधा हाच निर्णय घेतला असता. प्रौढांत निदानानंतर निदान एक वर्ष थांबावं असं २०१९ च्या अमेरिकन रक्तविकार सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, कारण काहींचा आजार आपोआप शांत होतो. ३० हजारांच्या वर प्लेटलेट्स आहेत आणि रक्तस्राव नाही, अशा अनेकांना तर औषधाचीही गरज नसते.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. पाणथरी काढल्यावर दर तिघांपैकी साधारण दोघांचा गुण वर्षानुवर्षं टिकतो, औषधाशिवाय. गोळी दिवसाच्या दिवस घ्यावी लागते, दुधाच्या पदार्थांपासून अंतर ठेवून घ्यावी लागते, महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात. गडचिरोलीच्या एखाद्या शेतमजूर बाईला ती गोळी आणि दर आठवड्याची सीबीसी जमणार आहे का? तिला शस्त्रक्रिया जास्त मोकळं आयुष्य देऊ शकते, अट एकच, लसी आणि तापाचा नियम तिच्यापर्यंत नीट पोचला पाहिजे. तेव्हा उत्तर माणसागणिक वेगळं.

---

निखिल_ठाणे

पटलं. गोळी रात्री झोपताना घेतो, दूधदही चार तास आधी बंद. तो त्रास आहेच. पण मला झेपतोय तोवर मी गोळीवरच.

---

प्राजक्ता_सांगली

माझ्या मुलाला हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस आहे. वय ४ वर्षं. डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन ७ ते ८ मध्ये राहतं, दोनदा रक्त द्यावं लागलं. एका ठिकाणी लगेच पाणथरी काढा म्हणाले, दुसरे म्हणतात थांबा. मी अगदी गोंधळून गेले आहे.

---

बालरोग_कोल्हापूर

प्राजक्ताताई, घाई करू नका. या आजारात तांबड्या पेशी गोल आणि ताठ असतात, त्यामुळे पाणथरीच्या अरुंद वाटांतून त्या पार होत नाहीत आणि अडकून फुटतात. पाणथरी काढली की पेशी गोलच राहतात, पण फुटायच्या थांबतात आणि हिमोग्लोबिन सुधारतं. या आजारात शस्त्रक्रियेचा गुण फार खात्रीचा असतो. पण लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांच्या आत, पाणथरीशिवायचा जंतुसंसर्ग सगळ्यात धोक्याचा. म्हणून शक्य तितकं सहा वर्षांपर्यंत थांबतात. तोवर फॉलिक अॅसिड रोज, आणि गरज पडेल तसं रक्त.

मूल फारच त्रासात असेल तर पाणथरीचा काही भाग ठेवून बाकीची काढण्याचा पर्यायही आहे. तोही दुर्बिणीतून होतो, पण अनुभवी हातांतच.

सोनोग्राफीत पित्ताशय जरूर बघून घ्या. सतत पेशी फुटल्यामुळे या मुलांना पित्ताशयात खडे होतात. असतील तर एकाच भूलीत दोन्ही कामं होतात. आणि पाणथरी काढल्यावर लहान मुलांना रोज पेनिसिलीन चालू ठेवावं लागतं, निदान काही वर्षं. ‘मुलगा आता ठणठणीत आहे, गोळी कशाला’ असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. त्यांचं ऐकू नका.

---

प्राजक्ता_सांगली

मनापासून आभार. सोनोग्राफी याच आठवड्यात करते. आज पहिल्यांदा कोणीतरी कारणासकट सांगितलं.

---

रानवाटा_नंदुरबार

मी अक्कलकुवा भागात आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडे पाणथरी म्हटलं की सिकलसेल. इथल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा आजार घरोघरी ऐकू येतो. लहान मुलांत कधी कधी पाणथरीत अचानक रक्त तुंबतं. सकाळी खेळणारं पोर दुपारी पांढरंफटक पडतं, पोटाची डावी बाजू टणक होते. तासाभराचाही उशीर जिवावर बेततो. म्हणून आम्ही आयांना पोट चाचपायला शिकवतो. डाव्या बरगडीच्या खाली बोटं ठेवायची, पोराने श्वास घेतला की कड बोटाला लागते का बघायचं. रोज आंघोळ घालताना. एकदा हात बसला की आयांना आमच्यापेक्षा आधी कळतं.

असं तुंबणं पुन्हा पुन्हा झालं तर पाणथरी काढायचा सल्ला देतात, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागतं. पण एक मुद्दा सगळ्यांनी लक्षात घ्यावा. सिकलसेलमध्ये पाणथरी न काढताही हळूहळू निकामी होते. म्हणजे ऑपरेशन न झालेल्या पोरालाही लसी आणि पेनिसिलीन तितकंच लागतं. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, रंगीत कार्डं वाटली गेली. तपासणीनंतरचं हे रोजचं काम मात्र आशाताईंच्या पायांवरच चालतं.

---

सचिन_जळगाव

हा धागा वाचून अंगावर काटा आला. माझी पाणथरी काही वर्षांपूर्वी काढली, मोटरसायकलच्या अपघातानंतर. फुटली होती, पोटात रक्त भरलं होतं, रातोरात पोट उघडलं. जीव वाचला, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. पण डिस्चार्जच्या कागदावर एवढंच होतं की जड उचलू नका, तिखट कमी खा. लसीचा शब्द नाही, तापाचा शब्द नाही. मला कोणीच काही सांगितलं नाही. मध्यंतरी दोनदा सणकून ताप आला, मेडिकलमधून गोळी घेऊन झोपलो. आता काही करता येतं का? की वेळ गेली?

---

अनघा_सातारा

सचिनदादा, वेळ मुळीच गेलेली नाही! लसी ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी घेता येतात. कृपा करून याच आठवड्यात एखाद्या फिजिशियनकडे जा आणि पहिलंच वाक्य हे बोला: माझी पाणथरी काढलेली आहे, एकही लस झालेली नाही. मला फार वाईट वाटतंय की हे तुम्हाला असं इथे वाचून कळलं. जीव वाचवण्याइतकंच हे सांगणंही त्यांचं काम होतं.

---

लॅप_सर्जन

सचिन, अनघाताई बरोबर सांगताहेत. अपघातात आधी लस द्यायला वेळच नसतो, म्हणून ऑपरेशननंतर साधारण १४ दिवसांनी देतात. तुमच्या बाबतीत ते सुटलं, आता घ्या. नेहमीचा क्रम असा: न्यूमोकोकसची कॉन्जुगेट लस आधी, निदान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची पॉलिसॅकराइड लस, ती पाच वर्षांनी पुन्हा एकदा. आता जास्त प्रकारांवरच्या नव्या कॉन्जुगेट लसीही आल्या आहेत, त्या घेतल्या तर क्रम बदलतो. मेनिंगोकोकसच्या चार गटांवरच्या लसीचे दोन डोस आठ आठवड्यांच्या अंतराने आणि दर पाच वर्षांनी बूस्टर. या लसीचा एक प्रकार न्यूमोकोकसच्या कॉन्जुगेट लसीबरोबर एकाच वेळी देत नाहीत, चार आठवडे अंतर ठेवतात, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. हिबचा एक डोस. फ्लू दरवर्षी.

आणि ताप. पाणथरी नसलेल्या माणसाला हा संसर्ग झाला की सुरुवात साध्या फ्लूसारखी असते. थंडी, अंगदुखी, उलटी. मग काही तासांत रक्तदाब कोसळतो. झाला तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, इतका तो वेगवान आहे. पहिल्या दोनतीन वर्षांत धोका जास्त, पण तो कधीच शून्य होत नाही. म्हणून डॉक्टरांकडून अमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलेनेटसारखं अँटिबायोटिक लिहून घेऊन घरात आणि प्रवासाच्या बॅगेत ठेवा. पेनिसिलीनची अॅलर्जी असेल तर दुसरं. ताप आला की पहिला डोस घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा. डोस घेतला म्हणून घरी थांबायचं नाही.

---

मेधा_लीड्स

इंग्लंडमधून लिहितेय. माझ्या नवऱ्याची पाणथरी इथे दुर्बिणीतून काढली, तिच्यात गाठ होती. इथे डिस्चार्जच्या वेळीच पाकिटात ठेवायचं कार्ड मिळालं, त्यावर ‘पाणथरी नाही’ आणि लसींच्या तारखा. त्याला रोजच्या पेनिसिलीनच्या गोळ्याही दिल्या आहेत. जीपीच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या) संगणकावर नाव उघडलं की लाल सूचना येते.

दोन गोष्टी इथे सांगितल्या होत्या, त्या भारतातल्यांनाही कामाच्या. एक, मलेरिया पाणथरीशिवाय फार गंभीर होतो. आम्ही गणपतीला रत्नागिरीला येतो तेव्हा तो डॉक्टरांना विचारून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करूनच निघतो, मच्छरदाणीशिवाय झोपत नाही. दुसरं, कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा काढून जखम चाटली तरी अँटिबायोटिक लागतं. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा लोकांना फार जड जातो. रेबीजची इंजेक्शनं घेतली म्हणजे झालं असं नाही.

---

अनघा_सातारा

मेधाताई, कुत्र्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. बहिणीच्या सोसायटीत भटकी कुत्री भरपूर. आजच सांगते. कार्ड आम्ही इथे स्वतःच केलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि लॅमिनेट करून पर्समध्ये. मोबाइलच्या लॉकस्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीतही टाकलंय.

---

विनायक_अमरावती

माझ्या वडिलांची पाणथरी १८ सेंटिमीटर आहे, प्लेटलेट्स ५५ हजार. लिव्हर सिऱ्हॉसिस आहे. नातेवाईक म्हणतात पाणथरी काढली की प्लेटलेट्स वाढतील. दुर्बिणीतून करावी का?

---

लॅप_सर्जन

विनायक, तुमच्या वडिलांचा प्रश्न पाणथरीत सुरूच होत नाही. यकृत कठीण झाल्यामुळे पोर्टल शिरेत (आतडी आणि पाणथरीकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) दाब वाढतो, त्या दाबाने पाणथरी फुगते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात. इथे रक्तस्राव फार होतो, कारण सगळ्या शिरा फुगलेल्या असतात. आणि पोर्टल शिरेत गुठळी होण्याचा धोकाही मोठा. सिऱ्हॉसिसमध्ये ५५ हजार प्लेटलेट्सवर नुसता आकडा सुधारायला म्हणून पाणथरी काढू नका. यकृततज्ज्ञांकडे जा, एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या शिरा बघून घ्या.

पोर्टल शिरेतली गुठळी इतरांनीही लक्षात ठेवावी. ऑपरेशन झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पोट दुखतंय, बारीक ताप आहे, भूक मेली आहे, असं झालं तर ‘टाक्यांचं दुखणं’ म्हणून सोडू नका. डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. मोठी पाणथरी काढलेल्यांत आणि रक्त फुटण्याच्या आजारांत हे जास्त दिसतं. प्लेटलेट्स दहा लाखांच्या पुढे गेल्या तर अॅस्पिरिन द्यायचं का, तेही विचारा.

---

विनायक_अमरावती

डॉक्टर, आभारी आहे. सोमवारी एंडोस्कोपीची वेळ घेतो.

---

मिलिंद_डोंबिवली

आणखी एक शंका. ऑपरेशननंतर काही वर्षांनी प्लेटलेट्स पुन्हा उतरल्या तर?

---

लॅप_सर्जन

तर आधी रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पाणथरी नसलेल्या माणसाच्या तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली बॉडीज नावाचे बारीक ठिपके दिसतात, कारण ते काढून टाकणारं कोणी उरलेलं नसतं. ते ठिपके दिसेनासे झाले असतील तर कुठेतरी जादा पाणथरी कामाला लागली आहे असा संशय घ्यायचा आणि स्कॅनमध्ये ती शोधायची. सापडली तर तीही दुर्बिणीतून काढता येते. नसेल तर प्लेटलेट्स यकृतात मारल्या जात असतात, मग पुन्हा औषधं. म्हणून वहिनींच्या ऑपरेशनची नोंद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नीट जपून ठेवा. किती ग्रॅमची होती, जादा पाणथरी सापडली का, हे त्यात असतं.

---

सचिन_जळगाव

अनघाताई, डॉक्टर, सांगायला आलो. काल न्यूमोकोकसची पहिली आणि हिबची लस घेतली. फ्लूची पण. दंड दुखतोय, बाकी ठीक. मेनिंगोकोकसची आमच्याकडे नव्हती, ते मागवून देतो म्हणाले. बायकोने घरातल्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे, ताप आला तर थेट सिव्हिल.

---

अनघा_सातारा

सचिनदादा, वाचून खूप बरं वाटलं. मेनिंगोकोकस मागवतील तेव्हा कंपनीचं नाव सांगून चार आठवड्यांच्या अंतराचं विचारा. कुपीवरचं स्टिकर फाइलला चिकटवून त्याखाली तारीख लिहून घ्या, पुढच्या डोसला तेच बघतात. आणि आठ आठवड्यांनंतरची तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाका.